सिरिल एन्टविसलचं आजारपण

१

सिरिल एन्टविसल दहा महिने गुडघ्याने आजारी होता, आणि ही बातमी त्याला स्वतःला बावीस वर्षांनी टपालाने कळली.

ते टपाल घेऊन फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तो माझ्यासमोर येऊन बसला. इंग्लंडातल्या आमच्या बर्न्ली गावात मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मी आठवड्यातून दोनदा फुकट सल्ले देते. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात गेली. नवरा गेल्यावर भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणून टेबल मांडलं. फुकटच्या सल्ल्याला किंमत नसते म्हणतात, पण त्या दिवसांत माझी रांग दाराबाहेर जात होती. घराच्या कर्जाबरोबर लोकांच्या गळ्यात एक विमा बांधला होता. आजारी पडलात किंवा नोकरी गेली, तर हप्ते आम्ही भरू, असा. गरज आहे का, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. आता सगळा गाव तक्रार करत होता आणि पैसे परत मिळवत होता.

"बाई, हे मला खोटारडा म्हणतायत," सिरिल म्हणाला. सत्त्याहत्तरीचा, काटकुळा, गळ्यात टाय. इथे म्हातारे अंत्यविधीला आणि वकिलाकडे टाय घालून जातात.

मी पत्र वाचलं. कर्ज देणाऱ्या सोसायटीने तक्रार फेटाळली होती. कारण सरळ होतं. एक्क्याण्णव साली गुडघ्याच्या आजारपणात दहा महिने तुमचे हप्ते याच विम्याने भरले. तुम्ही लाभ घेतलात, मग विमा नको होता असं आता कसं म्हणता?

"तुम्ही आजारी नव्हता?"

"मी?" तो एवढ्या जोरात म्हणाला की रांगेतली बाई दचकली. "कागदाच्या गिरणीत उभा जन्म रात्रपाळी केली. एक रात्र चुकवली नाही. आईला पुरलं, त्या रात्रीही कामावर गेलो. आणि हे म्हणतायत, मी दहा महिने तंगड्या वर करून घरी बसलो!"

"तक्रार करायचं मनात कसं आलं?"

तो जरा ओशाळला. "फोन आला होता. लोकांच्या तक्रारी लढवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा पोरगा होता. गोड बोलला. वीस मिनिटं बोलला माझ्याशी." मग टायची गाठ चाचपत म्हणाला, "पैसे गेले खड्ड्यात. माझ्या बायकोला, आयव्हीला, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी ऑस्ट्रेलियात. क्लबात गिरणीतली चार माणसं उरलीत, ती मला 'न चुकणारा सिरिल' म्हणतात. माझ्यापाशी तेवढंच आहे, बाई. ते मला परत मिळवून द्या."

"म्हणजे तुमचं नाव लावून दुसरंच कुणीतरी आजारी पडलं. संशय आहे कुणावर?"

त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गुडघा ज्याचा अधू, त्याच्यावर. माझ्या सख्ख्या भावावर."

२

भावाकडे जाण्याआधी मी सिरिलच्या घरी गेले. दाव्यांच्या खात्यात एक शिकले होते. माणूस टेबलापलीकडे एक सांगतो आणि स्वतःच्या चुलीपाशी दुसरंच.

शेकोटीपाशी दोन खुर्च्या होत्या. एकीची गादी बसून बसून खोल गेली होती. दुसरीवर कुणी बसत नसावं. तिच्यावर नीट घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं. मला त्याने स्वयंपाकघरातला स्टूल आणून दिला. बरं झालं. माझ्याही घरी अशी एक खुर्ची आहे, आणि तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही.

"हप्ते कोण भरायचं?" मी विचारलं.

"आयव्हीच. पैशाचं सगळं तीच बघायची. शुक्रवारी पगाराचं पाकीट न फोडता तिच्या हातात. ती फोडणार आणि त्यातून मला खर्चाला देणार. पाकीट फोडून आणणाऱ्या पुरुषाला आमच्या गल्लीत बायका नावं ठेवायच्या."

"म्हणजे हप्ता किती, विमा कसला, तुम्हाला काही ठाऊक नाही?"

"ठाऊक असायची गरजच काय? ती होती ना."

चहाबरोबर त्याने बिस्किटं ठेवली आणि हसला. "घ्या. अख्खी आहेत. आमचं आयुष्य तुकड्यांवर गेलं. आयव्ही बिस्किटांच्या कारखान्यात होती. मोडकी बिस्किटं बायकांना शुक्रवारी पिशवी भरून मिळायची. एक वर्ष तेवढी अख्खी आली. गिलियन, आमची मुलगी, ऑस्ट्रेलियाला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी. मी आयव्हीला म्हटलं, कारखान्याचं नशीब उघडलं वाटतं! आमचं मात्र नाही. त्या साली सुट्टीला ब्लॅकपूलच्या समुद्रावर गेलो नाही. रविवारी मांसाऐवजी बटाटे. का, तर म्हणे तिला कंटाळा आलाय."

"तुमची भेट कधी व्हायची? तुम्ही रात्रपाळीला, ती दिवसपाळीला."

"दारात. मी आत यायचो, ती बाहेर पडायची. संध्याकाळी चहा घेऊन मला उठवायची, की मी बाहेर. रविवार होता की." त्याने बशी माझ्याकडे सरकवली. "सुखाचा संसार झाला, बाई. कधी भांडण नाही."

भांडायला दोघं जागी असावी लागतात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं.

भाऊ क्लिफर्ड क्लबात भेटला. काठी टेबलाला टेकवलेली, समोर अर्धा ग्लास. दोघं भाऊ एकाच क्लबात येतात आणि दोन कोपऱ्यांत बसतात. भांडण कशावरून, ते दोघांनाही धड आठवत नाही.

"मी सिरिलचं नाव लावलं?" तो खो खो हसला. "बाई, मला माझं स्वतःचं नाव लावायची लाज वाटते! आणि आजाराचा पैसा कुणाला मिळतो? जो कामावर असतो त्याला. मालकाने लिहून द्यावं लागतं, की हा माणूस आमच्याकडे आहे आणि खरंच आलेला नाही. तेव्हा माझा मालक कोण होता? हा ग्लास!"

म्हातारा वात्रट होता, पण बोलला ते सोळा आणे खरं. मालकाची चिठ्ठी मीच हजारदा मागवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते. आणि हा तर संन्यासीही नव्हता.

मी उठले, तेव्हा त्याने काठीने माझी वाट अडवली. हसणं गेलं होतं.

"सिरिलला सांगू नका. त्या साली एकदा बसच्या थांब्यावर आयव्ही दिसली. भर दुपारी. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, हाक मारली. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो."

३

भर दुपारी? कारखान्याची पाळी संध्याकाळी सुटायची. हे डोक्यात घोळवतच मी डेन्बीसाहेबांकडे गेले.

डेन्बी म्हणजे सोसायटीच्या आमच्या शाखेचे जुने मॅनेजर. सगळ्या गावाला कर्जं यांनीच दिली आणि विमाही यांनीच चिकटवला. आता वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असतात. त्यांना भेटायला कुणी येत नसावं, कारण शिव्या घालायला आलेल्या बाईलाही त्यांनी दोनदा केक वाढला.

"आम्ही विचारत नसू हो," ते म्हणाले. "सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून द्यायचो. कर्ज हवं ना? मग इथे सही, इथे सही आणि इथे. वरून हुकूम होता."

"विम्यात कुठला आजार चालतो आणि कुठला नाही, हे तरी सांगायचा?"

"कोण ऐकणार?"

"बरं, एन्टविसलचे पैसे. दहा महिन्यांचे. कुणाच्या हातात पडले? तुमच्या?"

त्यांना राग आला नाही, उलट कुणीतरी आपल्याला एवढं धाडसी समजतंय याचा आनंदच झाला. "माझ्या हातात कसे पडतील? कुणाच्याच पडत नसत. विमा कंपनी पैसे सरळ कर्जाच्या खात्यात भरायची."

"एन्टविसल दाव्यासाठी शाखेत आले होते?"

"सिरिल? त्याला मी आयुष्यात एकदाच पाहिलं. कर्जाच्या वेळी, दुसरी सही करायला आला होता. उभ्या उभ्या झोपत होता बिचारा. नंतर सगळा व्यवहार बाईंचाच."

"विमा दोघांचा असायचा?"

"छे, एकाचाच. ज्याची सही आधी, त्याचा. तिसरा तुकडा घ्या ना."

मी केक घेतला नाही. बाहेर येऊन बसची वाट बघत उभी राहिले, आणि तिथेच ते माझ्या लक्षात आलं. चोर चोरी करून सगळा माल सिरिलच्याच घरात ठेवून गेला होता. असला चोर मी तरी पाहिला नव्हता.

४

त्या संध्याकाळी मी एकटीपुरता भात टाकला आणि तो करपेपर्यंत विचार करत बसले.

पैसे कुणाच्या खिशात गेले नाहीत, घराच्या हप्त्यात गेले. म्हणजे फायदा फक्त त्या घरात राहणाऱ्यांचा. तिथे माणसं दोनच. आजारी माणूस खरंच कामावर नव्हता, हे कुठल्यातरी मालकाने लिहून दिलं होतं. सिरिल रोज रात्री गिरणीत होता. त्याचा मालक असं लिहून देणं शक्य नव्हतं. मग उरलं कोण? आधी सही करून आलेली, जिच्या नावाने विमा निघाला ती. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाने खात्यावर एन्टविसल हे आडनाव पाहिलं आणि पुरुष गृहीत धरला. त्याला हसू कशी? मीही तेच केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि ती बिस्किटं. कारखान्यात जाणाऱ्या बाईला मोडकी मिळतात. अख्खी मिळतात दुकानात. आयव्ही त्या साली कारखान्यात जातच नव्हती. दर शुक्रवारी ती बिस्किटं विकत घेत होती, जुन्या पिशवीत ओतत होती, आणि ती मोडायला हवीत हे तिच्या लक्षात येत नव्हतं. मिळकत बंद, मांस बंद, ब्लॅकपूल बंद. बिस्किटं मात्र चालू.

कोडं सुटलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. कारण खरा प्रश्न आत्ता कुठे सुरू होत होता. ती रोज सकाळी दारातून बाहेर पडून जात कुठे होती?

गुरुवारी हॉलमध्ये हे सगळं मी सिरिलपुढे मांडलं. तो ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते.

"तिचा गुडघा ठणठणीत होता," तो शेवटी म्हणाला. "नव्वद पायऱ्या चढून चर्चला जायची. तुम्ही म्हणताय माझी आयव्ही लबाड होती?"

"मी म्हणतेय, ती घरातून निघत होती आणि कामावर पोचत नव्हती. तिच्या जवळचं कुणी होतं?"

तो उठला, टोपी घातली, आणि दाराशी जाऊन थांबला. मला वाटलं, आता हा परत काही येत नाही.

"थेल्मा," तो म्हणाला. "दोन गल्ल्या पलीकडे. चला, तिच्या तोंडून ऐकतो. तुम्ही चुकलात तर माफी मागायची."

५

थेल्माने दार उघडलं, सिरिलला पाहिलं आणि म्हणाली, "उशीर केलास."

ऐंशीची, ठेंगणी, हातात भांडी पुसायचं फडकं. आईला अर्धांगवायू झाला म्हणून तिने कारखाना सोडला होता, आणि आई गेल्यावरही ती त्या घरातून फारशी बाहेर पडली नाही. आम्हाला तिने स्वयंपाकघरात बसवलं. सिरिलने ताठ आवाजात विचारलं, "एक्क्याण्णव साली आयव्ही इथे यायची?"

"रोज."

"काय करायला?"

"बसायला. त्या खिडकीपाशी. सकाळी कोट घालून यायची आणि कोट घालूनच बसायची. कधी बोलायची, कधी आठवडाभर नाही. गिलियन गेल्यापासून तिच्या आतलं काहीतरी विझलं होतं. कारखान्यात बिस्किटांच्या फिरत्या पट्ट्यासमोर उभी राहून रडायची. डॉक्टरने सांगितलं, मनाचं दुखणं आहे, घरी राहा."

"आणि गुडघा?" मी विचारलं.

"अगं पोरी, डॉक्टर भला माणूस होता. त्याने विम्याचा कागद वाचला. मनाचं दुखणं चालत नाही, असं बारीक अक्षरात खाली होतं. विकताना सांगितलं होतं का त्या डेन्बीने? घर जाईल म्हणून ती अजूनच खचत होती. डॉक्टर म्हणाला, गुडघा लिहितो. मरेपर्यंत बोलला नाही तो."

सिरिलने टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्यापासून लपवलं तिने. मी काय तिला मारलं असतं?"

थेल्माने फडकं खाली ठेवलं. ती बोलणार ते मला ऐकायचं नव्हतं, पण उठून जाणंही जमेना.

"लपवलं नाही तिने, सिरिल. पहिले तीन दिवस ती घरीच होती. तुझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी, कोट घालून, दिवा न लावता. तू पाळीवरून आलास. 'काय गं, थंडी आहे' म्हणालास, समोर बसून न्याहारी केलीस आणि वर झोपायला गेलास. तिन्ही दिवस. ती वाट बघत होती, तू विचारशील म्हणून. चौथ्या दिवशी उठून माझ्याकडे आली."

नळ ठिबकत होता. सिरिल खिडकीकडे बघत होता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "थेल्मा, मला ते तीन दिवस आठवतसुद्धा नाहीत."

"दमलेला असायचास रे," ती म्हणाली. हा दिलासा होता की टोमणा, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

"बरी कशी झाली?" सिरिलने विचारलं.

"कोण जाणे. एक दिवस आली नाही. कारखान्यात गेली होती."

त्यानंतर वीस वर्षं संसार झाला त्यांचा. दारात भेटी, मग निवृत्ती, मग शेकोटीपाशी दोन खुर्च्या. ती त्यातला एक शब्द कधी बोलली नाही, आणि हा 'कधी भांडण नाही' म्हणून खूश होता. मला माझ्या नवऱ्याची इतकी आठवण आली की मी पर्समध्ये उगाच रुमाल शोधत बसले. आम्ही भांडायचो तरी.

पण मी सल्ला द्यायला आले होते, आणि सल्ला पक्का होता. तो मी दिला. "सिरिल, ही तक्रार आपण जिंकतो. विमा विचारून विकला नाही. काय चालत नाही ते सांगितलं नाही. आणि आजारी तुम्ही नव्हताच. एक पत्र लिहिलं की तुमचं नाव स्वच्छ होतं. क्लबात वाचून दाखवा."

"त्या पत्रात काय लिहावं लागेल?"

"खरं ते. की दावा आयव्हीचा होता."

"मग ते गुडघ्याचं विचारतील."

"विचारतील."

"आणि तिला लबाड म्हणतील."

बावीस वर्षांपूर्वी त्या खात्यात माझ्यासमोर ती फाइल आली असती, तर मीच म्हटलं असतं.

सिरिलने खिशातून सोसायटीचं पत्र काढलं, थेल्माच्या टेबलावर उलगडलं आणि हाताने सारखं केलं.

"लिहा त्यांना, की तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आजारी मीच होतो. म्हातारपणी विसरलो होतो म्हणावं. तक्रार मागे घेतो."

"सिरिल, वेड लागलंय का? एक रात्र चुकवली नाही तुम्ही! ती चार माणसं काय म्हणतील?"

"त्यांनाही तेच सांगणार आहे, की दहा महिने घरी होतो." त्याने पत्राची घडी पुन्हा एकदा बोटाने दाबली. "असायला हवा होतो, बाई. निदान कागदावर तरी मला घरी असू दे."

थेल्माने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि किटली गॅसवर ठेवली. मी पेन काढलं आणि तो सांगेल तसं लिहू लागले.